गठ्ठ्याने हरवणारी पॅकेट्स: उपग्रह आणि वायरलेस लिंकवरून थेट व्हिडिओ, प्रकल्प नोंदी

४ जून

काम असं ठरलं: दूरवरच्या चालत्या यंत्रावर कॅमेरा आणि सेन्सर, नियंत्रण कक्षात त्यांचं थेट चित्र आणि आकडे, उलट दिशेने चालकाच्या आज्ञा. व्हिडिओ १०८०पी, सेकंदाला २५ फ्रेम, एच.२६४ पद्धतीने आवळलेला, ४ एमबीपीएस (सेकंदाला ४० लाख बिट). आवाज ओपस पद्धतीने, ६४ केबीपीएस. सेन्सरचे संदेश सेकंदाला २०, प्रत्येकी २०० बाइट. वाटा तीन: भूस्थिर उपग्रह, खालच्या कक्षेतले उपग्रह आणि मोबाइल नेटवर्क. यंत्रावरच्या कॅमेऱ्यापासून मोडेमपर्यंतचा टप्पा वाय-फायचा.

कुठलंही सेटिंग हलवण्याआधी वेळेचा हिशेब मांडला. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. तो अगदी डोक्यावर असला तरी सिग्नल वर जाऊन खाली यायला २३९ मिलिसेकंद लागतात. तिरपा कोन आणि मोडेममधलं कोडिंग धरून एका दिशेचे ३००, म्हणजे जाऊन-येऊन ६०० धरले. त्यावर कॅमेऱ्याची एक फ्रेम ४०, एन्कोडर (चित्र आवळणारा) ४०, डीकोडर (ते उलगडणारा) ४०, ६० हर्ट्झचा पडदा १७. बेरीज ४३७ मिलिसेकंद, तीही एकसुद्धा पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) न हरवता. हरवलेलं पॅकेट परत मागवायचं म्हटलं की आणखी ६००, आणि सेकंद ओलांडला.

म्हणून एकच सेटिंग सगळीकडे चालणार नाही. दोन प्रोफाइल ठेवली. ‘नजर’ फक्त पाहण्यासाठी, ३ सेकंदांपर्यंत उशीर चालेल. ‘चाल’ यंत्र हाकण्यासाठी, ४०० मिलिसेकंदांच्या आत. दुसरं भूस्थिर वाटेवर शक्यच नाही, हे आजच लिहून ठेवलं. मोडेम बदलून किंवा बँडविड्थ वाढवून हे अंतर कमी होत नाही.

७ जून

चाचणीचं टेबल उभं केलं. तीन लिनक्स यंत्रं: पाठवणारं, घेणारं आणि मध्ये दोन नेटवर्क कार्डांचा ब्रिज. नेटएम, म्हणजे मुद्दाम उशीर आणि गळती घालणारं लिनक्सचं साधन, मधल्या यंत्राच्या दोन्ही कार्डांवर लावलं, प्रत्येकी ३०० मिलिसेकंद. ते पाठवणाऱ्या यंत्रावर लावलं तर टीसीपीच्या (हरवलेलं परत पाठवून सगळं क्रमाने देणारा प्रोटोकॉल) स्वतःच्या रांगेशी त्याची गुंतागुंत होते आणि आकडे फसवे येतात.

इथे चार खाचखळगे आहेत आणि चारही गुपचूप चुकवतात.

नेटएमची रांग मुळात १,००० पॅकेट्सची. ५० एमबीपीएस वेगाला ३०० मिलिसेकंदांत १,२५० पॅकेट्स वाटेत असतात. वरची २५० नेटएमच टाकून देतं आणि आपण दोष लिंकला देत बसतो. मर्यादा १०,००० केली.

दुसरा, जिटर म्हणजे उशिरातला चढ-उतार दिला की नेटएम पॅकेट्सचा क्रम बदलतं, कारण प्रत्येक पॅकेटला स्वतंत्र उशीर मिळतो आणि रांग सुटण्याच्या वेळेनुसार लागते. खऱ्या उपग्रह लिंकवर असं क्वचितच होतं. नेटएमच्या आत साधी पीफिफो (आधी आलेलं आधी) रांग जोडली की क्रम टिकतो.

तिसरा, ऑफलोड. कार्ड अनेक पॅकेट्स जोडून ६४ केबीपर्यंतचा एक ढीग करतं, आणि नेटएमच्या लेखी तो ढीग म्हणजे एकच पॅकेट. एक ‘हरवलं’ की प्रत्यक्षात चाळीसेक जातात. कार्डाची सेटिंग्ज बदलणाऱ्या एथटूलने हे जोडकाम करणारे टीएसओ, जीएसओ, जीआरओ तिन्ही बंद केले, मधल्या यंत्रावरसुद्धा.

चौथा सर्वांत महत्त्वाचा. ‘१ टक्का लॉस’ असं नुसतं लिहिलं तर पॅकेट्स सुटी-सुटी गळतात. वायरलेसमध्ये ती गठ्ठ्याने जातात. गिल्बर्ट-इलियट मॉडेल लावलं, ज्यात लिंक चांगल्या आणि वाईट अशा दोन अवस्थांत फिरते: वाईट अवस्थेतून बाहेर येण्याची शक्यता १२.५ टक्के, म्हणजे सरासरी ८ पॅकेट्सचा गठ्ठा. वाईट अवस्थेत शिरण्याची ०.१२६ टक्के, म्हणजे एकूण गळती १ टक्काच. आकडा तोच, पण पडद्यावरचं चित्र ओळखू येणार नाही इतकं वेगळं. नेटएममध्ये ही अवस्था वेळेनुसार बदलत नाही, पॅकेटगणिक बदलते, हेही ध्यानात ठेवायचं. आपल्या व्हिडिओची पॅकेट्स सेकंदाला ३८० (४ एमबीपीएस, प्रत्येकी १,३१६ बाइट). त्यात ८ चा गठ्ठा २१ मिलिसेकंदांचा होतो, पण सेकंदाला २० संदेशांच्या प्रवाहात तोच गठ्ठा ४०० मिलिसेकंदांचा. सेन्सरचा प्रवाह एकटा तपासला तर तो उगाच वाईट दिसतो.

९ जून

टीसीपीवरून व्हिडिओ पाठवायची सूचना होती, म्हणून हिशेब. विंडो स्केलिंग बंद असलेल्या जुन्या उपकरणात ६५,५३५ बाइटची विंडो (पोचपावतीशिवाय एका वेळी पाठवता येणारा माल), ६०० मिलिसेकंदांत एकदा: ८७४ केबीपीएस, मग लिंक कितीही मोठी असो. स्केलिंग चालू असलं तरी १ टक्का गळतीला जुन्या धाटणीचं कंजेशन कंट्रोल (गर्दी पाहून वेग ठरवणारा भाग) २४० केबीपीएसच्या आसपास अडकतं. बीबीआर हे नव्या धाटणीचं कंट्रोल गळतीला इतकं घाबरत नाही, पण एक पॅकेट हरवलं की मागची सगळी थांबून राहतात, ते त्यानेही सुटत नाही. उपग्रह मोडेममधली टीसीपी वेगवान करणारी प्रॉक्सी साध्या टीसीपीला मदत करते. क्विक (कूटबद्ध प्रोटोकॉल) किंवा व्हीपीएनच्या आतलं तिला दिसतच नाही. व्हिडिओ यूडीपीवर, जो हरवलेल्यासाठी थांबत नाही. विषय बंद.

१३ जून

सर्वांत मोठा गठ्ठा लिंक करत नाही, आपला एन्कोडर करतो.

४ एमबीपीएस आणि २५ फ्रेम म्हणजे सरासरी फ्रेम २० केबी. की-फ्रेम, म्हणजे आधीच्या फ्रेमवर न विसंबणारं पूर्ण चित्र, सहज आठपट, १६० केबी. ६ एमबीपीएसच्या लिंकवरून ती बाहेर पडायला २१३ मिलिसेकंद लागतात, आणि तोवर मागच्या पाच फ्रेम रांगेत उभ्या. दर दोन सेकंदांनी चित्र किंचित अडखळतं ते याचमुळे. सरासरी बिटरेटच्या आलेखात यातलं काहीच दिसत नाही, कारण आलेख सेकंदाच्या सरासरीचा असतो. तो १० मिलिसेकंदांच्या तुकड्यांनी काढला की दर दोन सेकंदांना उभा सुळका दिसतो.

एक्स२६४ या एन्कोडरमध्ये बदल: बी-फ्रेम (पुढच्या फ्रेमवरही विसंबणाऱ्या) शून्य, लुकअहेड (पुढच्या फ्रेम आधी पाहणं) शून्य, स्लाइसवार थ्रेड (एकाच फ्रेमचे तुकडे समांतर). व्हीबीव्ही बफर आधी ४,००० किलोबिट होता, म्हणजे एन्कोडरला पूर्ण सेकंदाची उधळपट्टी करायची मुभा. तो ३२० वर आणला, दोन फ्रेमपुरता. की-फ्रेमऐवजी इंट्रा-रिफ्रेश: चित्राची एक उभी पट्टी प्रत्येक फ्रेममध्ये ताजी होते आणि ती सरकत सरकत पूर्ण चित्र फिरते. फ्रेमचे आकार जवळपास सारखे होतात.

याची किंमत आहे. मध्येच जोडणाऱ्याला पूर्ण चित्र मिळायला एक फेरी थांबावं लागतं, आणि काही हार्डवेअर डीकोडर आयडीआर फ्रेमची (पूर्ण की-फ्रेमची) वाट पाहत काळा पडदा दाखवत बसतात. नियंत्रण कक्षातला डीकोडर आधी तपासूनच हे चालू करायचं. जो चालत नाही त्याच्यासाठी की-फ्रेम ठेवली, पण तिचा आकार आवळून. त्या क्षणी चित्र थोडं मऊ पडतं, ते परवडतं.

इतकं करूनही एका फ्रेमची १६ पॅकेट्स गिगाबिट कार्डावरून एका दमात निघतात आणि मोडेमच्या छोट्या बफरवर आदळतात. पॅकेट्स ठरल्या वेगाने सोडणारी एफक्यू रांग लावून आणि सॉकेटवर वेग ठरवून ती ४० मिलिसेकंदांत सारखी पसरवली. उशीर एखाद्या फ्रेमइतका वाढतो. ‘चाल’ प्रोफाइलमध्ये म्हणून पसरण २० मिलिसेकंदांचीच.

१८ जून

एसआरटी, म्हणजे यूडीपीवरून व्हिडिओ पाठवणारा आणि हरवलेलं पॅकेट मुदतीत परत मागवणारा प्रोटोकॉल. मुळातली लेटन्सी, म्हणजे घेणारा थांबतो ती मुदत, १२० मिलिसेकंद. जाऊन-येऊन ६०० च्या वाटेवर याचा अर्थ परत मागवलेलं प्रत्येक पॅकेट मुदतीनंतर पोहोचतं आणि फेकलं जातं. बँडविड्थ खर्च, फायदा शून्य. दोन टोकांपैकी जिथली लेटन्सी जास्त तीच लागू होते, त्यामुळे एकाच टोकाला वाढवली तरी काम होतं.

‘चौपट आरटीटी ठेवा’ (आरटीटी म्हणजे जाऊन-येऊन लागणारा वेळ) असं सगळीकडे सांगतात. का, ते आकड्यांनी पाहिलं. सुटी १ टक्का गळती असेल तर सेकंदाला ३.८ पॅकेट्स हरवतात. एकदा परत मागवायला वेळ असेल तर दर २६ सेकंदांना एक दोष उरतो. दोनदा मागवता आलं तर पाऊण तासाला एक. तीनदा, तर तीन दिवसांना एक. प्रत्येक फेरीला एक आरटीटी, शिवाय मागणी पोहोचण्यातली ढिलाई, म्हणून चौपट. ‘नजर’साठी २,४०० मिलिसेकंद ठेवले, पडद्यापर्यंत सुमारे २.८ सेकंद. खालच्या कक्षेच्या वाटेवर आरटीटी ४०, लेटन्सी १६०, एकूण ३१७. ‘चाल’ इथे बसते.

गठ्ठ्याची गळती लावली की हे गणित बिघडतं, कारण परत पाठवलेली पॅकेट्सही एकत्रच निघतात आणि पुढच्या वाईट क्षणात एकत्रच सापडू शकतात.

दोन सूचना पुढच्या माणसासाठी. एसआरटीची कमाल बँडविड्थ मुळात अमर्याद असते. ती ० केली तरच २५ टक्के जादा खर्चाची मर्यादा लागू होते. तसं केल्यावर ४ एमबीपीएसच्या प्रवाहाला ५ ची लिंक लागते. ४.५ ची असेल तर परत पाठवणीच लिंक भरून टाकते आणि त्यातून नवी गळती जन्माला येते. दुसरं, घेणाऱ्याचा बफर ८,१९२ पॅकेट्सचा. ४ एमबीपीएसला भरपूर, पण ४० एमबीपीएस आणि २.४ सेकंदांना ९,१०० हून जास्त लागतात. तिथे तो वाढवायलाच हवा.

२३ जून

एफईसी. परत मागवायचंच नाही, दुरुस्तीचं सामान आधीच सोबत पाठवायचं. १० स्तंभ आणि १० ओळींची मांडणी: १०० पॅकेट्स, प्रत्येक स्तंभाला एक दुरुस्ती पॅकेट, खर्च १० टक्के. सलग १० पॅकेट्स गेली तरी प्रत्येक स्तंभातलं एकेकच गेलेलं असतं, म्हणून सगळी परत मिळतात. पण मांडणी भरायला २६३ मिलिसेकंद.

२० स्तंभ, ५ ओळी केल्या तर वेळ तोच, गठ्ठा २० पॅकेट्सचा म्हणजे ५३ मिलिसेकंदांचा सुटतो, खर्च २० टक्के. सरासरी ८ च्या गठ्ठ्याला १० स्तंभ पुरतील असा मोह होतो. सरासरी ८ असलेल्या वितरणात १० पेक्षा लांब गठ्ठे चारात एकाहून अधिक असतात. २० हून लांब साधारण चौदात एक. २० × ५ ठेवलं.

इथे दोन वाटांचा निकाल उलटा लागतो. भूस्थिर वाटेवर २६३ हे ६०० पेक्षा कमी, म्हणून एफईसी स्वस्त. थोडी ढिलाई धरून पडद्यापर्यंत ८०० मिलिसेकंदांच्या आत चित्र येतं. खालच्या कक्षेवर ४० मिलिसेकंदांत पॅकेट परत मिळतं, तिथे २६३ ची मांडणी म्हणजे शुद्ध नुकसान. एसआरटीच्या १.४ आवृत्तीपासून दोन्ही एकत्र लावता येतं: आधी एफईसी, न जमल्यास परत मागणी. मांडणी पायऱ्यांची ठेवायची, नाहीतर स्तंभांची दुरुस्ती पॅकेट्स एकदम निघतात आणि १३ जूनचा सुळका परत येतो.

सेकंदभर सिग्नल गेला तर दोन्ही निरुपयोगी. त्यासाठी दुसरी वाटच लागते.

२७ जून

खालची कक्षा. ५५० किलोमीटर म्हणजे सरळ वर १.८ मिलिसेकंद, बाकीचा उशीर जमिनीवरचा आणि वेळापत्रकाचा. स्टारलिंकच्या जाळ्यात दर १५ सेकंदांनी जोडण्यांची फेरमांडणी होते, मिनिटाच्या १२, २७, ४२ आणि ५७ व्या सेकंदाला. त्या क्षणी उशीर एका पातळीवरून दुसरीवर उडी मारतो, कधी थोडी पॅकेट्सही जातात. टेबलावर तसाच खेळ केला: दर १५ सेकंदांनी उशीर २० वरून ३५, मध्ये १०० मिलिसेकंदांची पोकळी.

ब्राउझरमधल्या थेट व्हिडिओसाठीच्या वेबआरटीसीचं कंजेशन कंट्रोल उशिराच्या चढावरून गर्दी ओळखतं. उशिराची ही पायरी त्याला गर्दीच वाटते. ते बिटरेट पाडतं, आणि पुन्हा चढेपर्यंत पुढची पायरी येते. चित्र कायम धुरकट, लिंक मात्र अर्धी रिकामी. आपल्या नियंत्रकात नियम घातला: उशीर एकदम वाढून तिथेच सपाट राहिला तर ती नवी पायरी समजायची आणि किमान उशीर नव्याने मोजायचा, चढतच राहिला तरच गर्दी.

२ जुलै

रांगा. मोडेममध्ये १ एमबीचा बफर आणि चढती लिंक ५ एमबीपीएस: भरला की १.६ सेकंद. लॉग अपलोड चालू झाला आणि चालकाची आज्ञा-पोचपावती अडली, याचं कारण हेच. मोडेमच्या बफरला हात लावता येत नाही, म्हणून त्याच्या आधीच्या राउटरवर केक (वेग बांधून रांग सांभाळणारं लिनक्सचं साधन) लावून वेग लिंकपेक्षा ८ टक्के कमी बांधला. रांग आता आपल्या ताब्यातल्या यंत्रात लागते. लिंकचा वेग बदलता असेल तर बांधलेला आकडा खोटा ठरतो, ते ९ जुलैला.

भूस्थिर वाटेचं आणखी एक: चढती क्षमता मागणीनुसार मिळत असेल तर मोडेम आधी विनंती पाठवतो, मंजुरी यायला एक फेरी, म्हणजे ६०० मिलिसेकंद. थेट व्हिडिओसाठी ठरावीक दराची कायम वाटणी घ्यायची. महाग असते, पण त्यावाचून जिटर आवरत नाही.

वाय-फायवर आवाजाला डीएससीपी (पॅकेटवरचा प्राधान्याचा सहा बिटांचा आकडा) ४६ दिला होता, तरी तो व्हिडिओच्याच वर्गात जात होता. बरीच उपकरणं वरचे तीन बिट पाहतात. ४६ चे वरचे तीन बिट म्हणजे ५, आणि वाय-फायमध्ये ५ हा व्हिडिओचा वर्ग. ॲक्सेस पॉइंटमध्ये ४६ ला ६ वर नेणारी जोडणी घातली. वीजबचत बंद केली, नाहीतर झोपलेलं कार्ड बीकनची (ॲक्सेस पॉइंटच्या ठरावीक हाकेची) वाट पाहतं, आणि बीकन दर १०२.४ मिलिसेकंदांना. मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना पाठवणं) काढून टाकलं: वाय-फायमध्ये ते पोचपावतीशिवाय आणि सहसा सर्वांत हळू वेगाने जातं.

५ जुलै

एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल लांबी. १,३१६ बाइट माल, एसआरटीचे १६, यूडीपीचे ८, आयपीचे २०: १,३६०. वायरगार्ड या व्हीपीएन बोगद्याच्या १,४२० मध्ये बसतं. दुसरा बोगदा त्यावर चढवला तर बसणार नाही. मग माल १,१२८ करायचा, म्हणजे व्हिडिओ प्रवाहाची १८८ बाइटची सहा एककं. तुकडे झालेलं यूडीपी पॅकेट एक तुकडा गेला की पूर्ण जातं.

९ जुलै

पाऊस. केयू आणि त्याहून जास्त केए या उपग्रहाच्या रेडिओ पट्ट्यांत पाऊस सिग्नल खातो, कुठल्याही टोकाचा. डीव्हीबी-एस२ या उपग्रह मानकाचा मोडेम मग मॉड्युलेशन (सिग्नलवर बिट चढवायची पद्धत) बदलत उतरतो. सेकंदाला २० लाख सिंबॉलचा कॅरियर धरला तर १६एपीएसके ३/४ ला (चारात तीन बिट कामाचे, बाकी दुरुस्तीचे) सुमारे ५.९ एमबीपीएस, त्याला सिग्नल गोंगाटाच्या १०.२ डेसिबल वर लागतो. क्यूपीएसके ३/४ ला ३ एमबीपीएस, ४ डेसिबल. क्यूपीएसके १/४ ला १ एमबीपीएसला थोडं कमी, पण ते गोंगाटाच्या २.३५ डेसिबल खालीही चालतं. लिंक तुटत नाही, अरुंद होते. ४ एमबीपीएसचा हट्ट धरून बसलेला एन्कोडर मात्र तुटतो.

शिडी केली: ४ एमबीपीएस, मग ७२०पी ला २, मग ३६०पी आणि सेकंदाला १० फ्रेमचे ६०० केबीपीएस. मोडेमकडून दर सेकंदाला सिग्नलची पातळी वाचायची. उंबरठ्याच्या १ डेसिबल वर असतानाच उतरायचं, चढताना २ डेसिबल वर सलग ३० सेकंद हवेत. उतरणं झटकन, चढणं सावकाश. केकचा बांधलेला वेगही त्याच पायरीने बदलतो. बिटरेट बदलताना एन्कोडर नव्याने सुरू करायचा नाही, नाहीतर अरुंद लिंकवर नेमकी की-फ्रेम येऊन पडते. आकारमान बदलताना ती टळत नाही. तेव्हा आधी बिटरेट पाडायचा, रांग रिकामी होऊ द्यायची, मग आकार.

१३ जुलै

सेन्सरचे संदेश टीसीपीवरच्या एमक्यूटीटी या संदेश-प्रोटोकॉलने जात होते. एक पॅकेट हरवलं की किमान ६०० मिलिसेकंद सगळे अडकतात आणि मग बारा-तेरा संदेश एकदम येतात, बारा जुने आणि एक कामाचा. यूडीपीवर नेले, प्रत्येक पॅकेटमध्ये ताजा संदेश आणि आधीचे दोन. शीर्षकं धरून ६२८ बाइट, सेकंदाला २०, म्हणजे १०० केबीपीएस. सलग दोन गेली तरी काही हरवत नाही. नोंदवहीसाठी पूर्ण प्रत एमक्यूटीटीने मागाहून, सर्वांत खालच्या प्राधान्याने.

आज्ञांना क्रमांक आणि मुदत. ५०० मिलिसेकंदांहून जुनी हालचालीची आज्ञा यंत्र फेकून देतं. ‘थांब’ला मुदत नाही, ती कधीही पोहोचली तरी पाळायची, आणि पोचपावती येईपर्यंत दर १०० मिलिसेकंदांनी पुन्हा पाठवायची. संपर्क १ सेकंद तुटला तर यंत्र स्वतः थांबतं.

१६ जुलै

मोजमाप. कॅमेऱ्यासमोर मिलिसेकंद दाखवणारं घड्याळ, शेजारी नियंत्रणाचा पडदा, दोन्हींचा एकाच फोटोत वेध. एका फोटोवर विश्वास नाही. कॅमेऱ्याची फ्रेम ४० आणि पडदा १७, इतका फरक नुसत्या योगायोगानेही येतो. पन्नास फोटो, आणि सरासरीसोबत सर्वांत वाईट आकडाही नोंदवायचा.

एका दिशेचा उशीर मोजायला नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारं एनटीपी पुरत नाही. ते दोन्ही दिशा सारख्या धरतं. जाताना ३०० आणि येताना ३४० असेल तर घड्याळ २० मिलिसेकंदांनी चुकतं. दोन्ही टोकांना जीपीएसचा सेकंद-ठोका जोडला.

घड्याळांची घसरण वेगळी. ५० पीपीएमचा (दहा लाखांत ५०) फरक म्हणजे मिनिटाला ३ मिलिसेकंद, दिवसाला ४.३ सेकंद. सकाळी बरोबर असलेला बफर दुपारी रिकामा होतो. आवाज किंचित ताणून किंवा आवळून घेणाऱ्याने बफरची पातळी राखायची.

मग सर्वांत निकडीचं काम. गोठलेलं चित्र आणि शांत उभं असलेलं यंत्र पडद्यावर सारखंच दिसतं, आणि त्या समजुतीवर माणूस यंत्र हाकतो. प्रत्येक फ्रेममध्ये टिपल्याची वेळ घातली, पडद्याच्या कोपऱ्यात चित्राचं वय. ५०० मिलिसेकंदांवर लाल चौकट, २ सेकंदांवर चित्र राखाडी. ‘नजर’मध्ये उंबरठे वेगळे, पण वय तिथेही दिसतं.

१९ जुलै

दोन वाटा एकत्र. एसआरटीच्या गटात दोन्हीकडून तेच पाठवलं तर आधी येईल ते घ्यायचं. मोबाइल एका दिशेला २०, भूस्थिर ३००. मोबाइल तुटल्यावर भूस्थिरची प्रत २८० मिलिसेकंद मागून येते. बफर तितका खोल नसेल तर चित्र उडी मारतं. ‘नजर’मध्ये २,४०० चा बफर आहे, तिथे दुहेरी पाठवणी चालू केली, डेटा दुप्पट धरून. ‘चाल’च्या १६० मध्ये ते बसत नाही. तिथे मुख्य आणि राखीव अशी वाट. राखीव भूस्थिरवर गेल्यास यंत्राचा वेग आपोआप चालण्याइतका आणि पडद्यावर ‘राखीव वाट’ ही अक्षरं, कारण आता उशीर ८०० आहे हे चालकाला त्याच क्षणी कळायला हवं.

राहिलेलं: विषुवदिनांच्या आसपास काही दिवस सूर्य थेट उपग्रहामागे येतो आणि दिवसातली काही मिनिटं डिशमध्ये गोंगाटच भरतो. दोन्ही टोकांच्या डिशसाठी वेळा वेगळ्या. सप्टेंबरच्या वेळा काढून वाट बदलणाऱ्या स्क्रिप्टमध्ये घालायच्या. त्या मिनिटांत भूस्थिर वाट राखीव म्हणून धरायची नाही, आणि मोबाइलही नसेल तर यंत्र आधीच थांबवायचं.